सातारा ते सांगली, हवाई मार्गे

गाडीत शिवतेजला उलटी झाली तर? या एका काळजीने ज्ञानदाचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी बाराच्या आत तिच्या माहेरी, सांगलीला, त्याचं जावळ होतं. लांबत लांबत पाचव्या वर्षावर आलेलं. केस उतरवायचे ते मामाच्या मांडीवर, आणि मामा सांगलीत. पण गेल्या खेपेला उंब्रज यायच्या आत तीनदा गाडी थांबवावी लागली, तेव्हापासून चिरंजीवांनी जाहीर केलं होतं, "मी गाडीत बसणार नाही!"

तिने मोबाइलवर सातारा-सांगली अंतर पुन्हा पाहिलं. (रात्रीतून कमी झालं असलं तर!) एका वेबसाइटने विमानाचा वेळही दिला होता : जेमतेम अर्धा तास. दोन्ही गावांत विमान नाही, ही किरकोळ बाब वेबसाइटने मनावर घेतली नव्हती.

"शिवू, आज आपण विमानाने जायचं!"

विमान म्हणजे घरचीच जुनी गाडी. तिचा नवरा पुष्कर पायलट झाला आणि ओढणीचा स्कार्फ करून ज्ञानदा हवाई सुंदरी. निघता निघता शिवतेजने फोन लावला, "आजोबा, आम्ही विमानाने येतोय!" आणि ठेवूनही दिला. (तेव्हाच उलट फोन करायला हवा होता. पण उड्डाणाच्या वेळी मोबाइल बंद ठेवतात, आणि ज्ञानदा कुठलंही सोंग अर्धवट करत नाही.)

विमान झकास चाललं. उंब्रज गेलं, कऱ्हाड गेलं. प्रवासी चिरमुरे खात ढग मोजत होता.

सांगलीत मात्र दाराला कुलूप. शेजारच्या रंगुबाई बाहेर आल्या.

"आवं ताई, तुमी हितं कशा? समदी तुमास्नी आणाय कवलापूरच्या धावपट्टीवर गेल्यात की!"

"धावपट्टीवर?"

"मग? इमान काय दारात उतरतंय व्हय?"

ज्ञानदाने वडिलांना फोन लावला. मधुकरराव उन्हाने आधीच तापले होते. "कुठे आहात? अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मी मोबाइलवर बघितलंय!"

"अहो अण्णा, पण सांगलीला विमान येतं का?"

"वेळ दिलीय म्हणजे येत असणारच!"

मामा माळावर, न्हावी माळावर, औक्षणाचं ताटही माळावर. बाराला थोडाच वेळ उरलेला. विमान पुन्हा रस्त्याला लागलं.

जुन्या धावपट्टीवर शेळ्या चरत होत्या. कडेला सतरंजीवर मामा, म्हणजे ज्ञानदाचा धाकटा भाऊ जयराज, आभाळाकडे मान वर करून बसलेला. ताट धरून उभ्या असलेल्या अनसूयाबाईही वरच बघत होत्या, त्यामुळे लेक मागून आलेली त्यांना कळलीच नाही.

बाराच्या आत जावळ झालं. मग सगळ्यांनी ज्ञानदाकडे मोर्चा वळवला.

"ताई, शेळीवाला विचारत होता, पाव्हणं मुंबईसनं येणार का दुबईसनं?" जयराज म्हणाला. "मी म्हटलं, साताऱ्यासनं. लय हसला गं."

ज्ञानदाचा चेहरा उतरला. आपण पोराशी खोटं बोललो; आता हा पुन्हा कधी विश्वास ठेवेल का? ती त्याच्यासमोर बसली.

"शिवू, ते विमान नव्हतं रे. आपली गाडीच होती. तुला त्रास होऊ नये म्हणून आई खोटं बोलली."

शिवतेजने तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"ते मला कळलं होतं. पण जाताना पण हवाई सुंदरीच हो. आई झालीस की तू सारखं 'मळमळतंय का, मळमळतंय का' विचारतेस, मग मला मळमळतं."