तो प्रश्न

ताईला एकच प्रश्न विचारायचा नाही, असा घरात आईचा हुकूम होता: "कुठवर आलं?"

मागच्या वेळी बाबांनी सहज विचारलं, तर पीएचडी करून करून टेकीला आलेली ताई ताटावरून उठली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली. मग ती विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. घरच्यांनी दडपण आणू नये, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण आईला थोडक्यात भागवणं कुठलं माहीत! तिने 'गाइड', 'प्रकरण' आणि 'लायब्ररी' हे शब्दही बंद करून टाकले. पेपरात एखाद्या घोटाळ्याचं प्रकरण आलं, तर बाबा बिचारे ते मनातच वाचत.

आज ताई घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. "आई, आज सरांनी..." एवढं म्हणते तोच आईने तिला आमटीचं मीठ बघायला लावलं. बाबांकडे गेली, तर ते गळक्या टाकीबद्दल बोलायला लागले. राहता राहिली आत्या. ती दुपारीच आली होती आणि चपला काढायच्या आत आईने तिला पढवून ठेवलं होतं. ताई शेजारी येऊन बसताच आत्याने हातात चहाचा कप धरून चक्क झोपेचं सोंग घेतलं.

जेवताना कोणी चकार शब्द काढेना. ताई मध्येच उठली. बाथरूमचं दार लागलं, नळ सुटला.

तिघंही दाराशी धावली. आई बाबांवर डाफरली. आत्या म्हणाली, मी तर डोळेसुद्धा उघडले नव्हते. बाबांना राहवेना. त्यांनी दारावर हलकेच टकटक केलं.

"बाळा, कुठवर आलं गं?"

नळ बंद झाला. ताई बाहेर आली, बाहीवरचा आमटीचा डाग चोळत.

"सरांनी प्रकरण परत पाठवलं. तिसऱ्यांदा."

आईचा चेहरा पडला.

"आणि मी रडले नाही. कँटीनमध्ये चहा प्यायले, काय बदलायचं ते ठरवलं आणि घरी आले. संध्याकाळपासून हे सांगायला माणूस शोधतेय मी."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना फार बरं वाटलं. आई मात्र बाथरूममध्ये शिरली. आतून कडी लागली, नळ सुटला.

थोडा वेळ जाऊ देऊन ताईने दाराला कान लावला.

"आई," ती हळूच म्हणाली, "कुठवर आलं?"