सव्वीस तक्रारींचं गाणं

पंपांच्या कारखान्यातला तक्रार विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन, एक वही आणि अण्णा. अण्णांना गुणगुणायची दांडगी हौस, पण घरी सक्त बंदी. बायको शाळेत गाणं शिकवायची आणि तिच्या मते तिसऱ्या ओळीत वर जाताना अण्णांचा सूर हमखास घसरायचा. म्हणून बिचारे सगळी हौस ऑफिसात भागवून घेत.

एके दिवशी परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. पंप बंद, माणूस तापलेला. अण्णांनी त्याला थांबायला सांगून आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि गुणगुणत फाइल शोधू लागले. बटण बिघडलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. फाइल घेऊन परत आले, तर पलीकडून तीच चाल ऐकू येत होती.

पंप दोन दिवसांत सुरू झाला, फोन मात्र थांबेनात. रोज दुपारी तीनला तो माणूस नुसतं "साँग?" म्हणायचा आणि अण्णा सुरू व्हायचे. आता, आलेला प्रत्येक फोन तक्रारवहीत चढवायचा हा कारखान्याचा नियम, आणि अण्णा नियमाचे पक्के. महिनाअखेरीला साहेबांनी वही उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"एकाच गिऱ्हाइकाच्या सव्वीस तक्रारी? अण्णा, हे गिऱ्हाईक तुटलं तर तुम्ही घरीच बसा."

"साहेब, त्यांची तक्रार काहीच नाहीये."

"मग फोन काय तुमची ख्यालीखुशाली विचारायला करतात?"

"गाणं ऐकायला."

साहेबांनी असं काही पाहिलं, की अण्णा डबा आवरायला लागले.

तेवढ्यात तीन वाजले. साहेबांनीच फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि पाच मिनिटं माफी मागितली. मग पलीकडून आवाज आला, "साँग?"

साहेबांनी हताशपणे अण्णांकडे बोट केलं. अण्णांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला पलीकडचे पंधरा-वीस कामगारही त्यांच्याबरोबर गाऊ लागले. अण्णांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर कुणी गायलंच नव्हतं.

"चालू ठेवा," साहेब म्हणाले, "वहीत मात्र लिहू नका." त्यांनी ते गाणं मोबाइलवर टिपूनही घेतलं होतं, ते अण्णांना पाठवून दिलं.

संध्याकाळी अण्णांनी ते बायकोला ऐकवलं. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"तिसऱ्या ओळीत सूर घसरतोय."

"माझा?"

"सगळ्यांचा. अगदी तुमच्यासारखा." तिने पेटी पुढे ओढली. "उद्या तीनचा फोन मला जोडून द्या. ती माणसं अजून सुधारण्यासारखी आहेत."