शोक अनावर झाल्यास सूट

माझी बायको मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली आणि मला ते अकरा पंचवीसला कळलं. मधली पंधरा मिनिटं मी तिच्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसून होतो. अशी बातमी फक्त जवळच्या नातेवाइकाला सांगायची, असा दवाखान्याचा नियम होता. मी जवळचा नातेवाईक आहे हे सांगणारा कागद तिनेच भरून दिला होता, आणि तो कागद पेशंटच्या सहीशिवाय फायलीतून बाहेर काढता येत नव्हता. शेवटी एक नर्स बाहेर आली, "काका, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही," असं म्हणाली आणि तिने सांगितलं.

वेळा माझ्या लक्षात राहतात. चौतीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिणं एवढंच माझं काम.

पहिली शोकसभा तिच्या ऑफिसात झाली. पालिकेच्या सभागृहाच्या बुकिंग खिडकीवर ती सव्वीस वर्षं होती. साहेब म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू या." सगळे उभे राहिले. सवयीने माझी नजर मनगटावर गेली. बावीस सेकंदांनी साहेब "धन्यवाद" म्हणाले आणि सगळे बसले. मला वाटलं, साहेबांचं घड्याळ पुढे असेल. नंतर आमच्या सोसायटीत सभा झाली. तिथे सतरा सेकंद. अध्यक्षांचा फोन वाजला आणि तो त्यांनी घेतला. भावाच्या घरी सगळी आपलीच माणसं, त्यामुळे तिथे एक्केचाळीस सेकंदांपर्यंत मजल गेली. मग वहिनी हळूच म्हणाली, "चहा कोणकोण घेणार?" सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

मी कुणाला बोललो नाही. पण ज्या बाईने सव्वीस वर्षांत खिडकी एक मिनिटही आधी बंद केली नाही, तिला कुणीतरी दोन मिनिटं पूर्ण द्यावीत, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. दुसरं काही मला नको होतं.

तिसऱ्या आठवड्यात दारात तिघं उभे राहिले. पुढे पस्तिशीची एक बाई होती. तिचं अर्धं डोकं भादरलेलं आणि उरलेल्या अर्ध्यावर जांभळे केस. मागे छातीपर्यंत दाढी वाढवलेला एक दणकट माणूस, ज्याला बाकीचे दाढी म्हणूनच हाक मारत होते, आणि कुरिअर कंपनीचा शर्ट घातलेला एकजण.

"काका, आम्ही काकूंच्या हॉलवाले," बाई म्हणाली. ती दातांची डॉक्टर निघाली.

"हॉलवर काय करता तुम्ही?"

"हार्डकोर पंक."

"म्हणजे?"

"गाणंच, काका. फक्त जरा जोरात असतं आणि लवकर संपतं."

"चाळीस सेकंदांत," कुरिअरवाला म्हणाला. तो ड्रम वाजवायचा आणि आत्ता माझ्या टीपॉयवर बोटं आपटत होता.

दाढीने मला समजावून सांगितलं, "आमचं सगळं आमच्या हातानं असतं. पोस्टर आम्ही छापतो, रेकॉर्ड आम्ही काढतो, स्पीकर आम्ही वाहतो. आम्ही कुणाच्या परवानगीवर जगत नाही."

"आणि हॉलची परवानगी?"

"ती काकू काढून द्यायच्या," दाढी म्हणाला. त्याला यात काही विसंगत वाटल्याचं दिसलं नाही.

मग सगळं कळलं. सभागृहाच्या अर्जात कार्यक्रमाचं कारण लिहायला सहाच पर्याय आहेत: लग्न, वाढदिवस, बैठक, प्रदर्शन, व्यायाम शिबिर आणि शोकसभा. हे लोक सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा काय लिहावं ते तिला कळेना. ती स्वतः त्यांचा दुसरीकडचा एक कार्यक्रम बघून आली. सत्तर माणसं गोल धावत एकमेकांवर आदळत होती. तिने स्वच्छ मनाने "व्यायाम शिबिर" लिहिलं आणि दर महिन्याला लिहीत राहिली. महिन्यातल्या एका रविवारी तिला हॉलवर ड्यूटी असते एवढं मला माहीत होतं. तिथे काय चालतं हे मी कधी विचारलं नाही.

आता खिडकीवर नवा कारकून आला होता. तो व्यायाम शिक्षकाचं प्रमाणपत्र मागत होता. बाकीच्या कारणांना नव्वद दिवसांची प्रतीक्षा यादी होती. फक्त शोकसभेला दोन दिवसांत मंजुरी मिळत होती, कारण पालिकेच्या मते शोक प्रतीक्षा यादीवर ठेवता येत नाही.

"शोकसभेला कुणीतरी गेलेलं लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमच्याकडे काकूच आहेत." मग त्या जरा वेळ माझ्या पंख्याकडे बघत बसल्या. "आणि तसंही, त्यांच्यासाठी काहीतरी करायचंच होतं."

मी नियमावली मागितली आणि चष्मा लावून वाचली. कलम सातप्रमाणे आवाज साध्या बोलण्याइतकाच हवा होता. पण कलम नऊमध्ये लिहिलं होतं, 'शोक अनावर झाल्यास आवाजाच्या मर्यादेतून सूट.' मी त्यावर बोट ठेवलं. तिघांनी माझ्याकडे काकूंकडे बघावं तसं बघितलं. कलम अकरा असं होतं: 'दोन मिनिटे शांतता बंधनकारक. निरीक्षक खात्री करतील. जवळच्या नातेवाइकाने पूर्ण वेळ हजर राहून सही करावी.'

"मी येतो," मी म्हणालो. "पण दोन मिनिटं पूर्ण पाहिजेत."

"ते मीटिंगमध्ये ठरवावं लागेल," दाढी म्हणाला.

मीटिंग शनिवारी दुपारी डॉक्टरबाईंच्या दातांच्या दवाखान्यात झाली. अकराजण आले. या लोकांत अध्यक्ष नसतो, मतदान नसतं. पटलं तर हाताची बोटं हलवायची, नाही पटलं तर छातीवर हातांची फुली करायची. एकाची जरी फुली आली तरी ठराव थांबतो. बसायला जागा नसल्यामुळे मला दात काढायच्या खुर्चीत आडवं केलं होतं, त्यामुळे मला बोटं आणि फुल्या खालून दिसत होत्या.

पहिली फुली दाढीचीच आली. "शांतता पाळणं ही सरकारी गोष्ट आहे. ज्यांच्याविरुद्ध ओरडतो त्यांचीच पद्धत आपण उचलायची?"

"मग ओरडून श्रद्धांजली वाहायची का रे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ती तर आपण रोज वाहतोच."

दुसरी फुली वेगळ्या मुद्द्यावर आली. शांतता सुरू करा असं म्हणणार कोण? जो म्हणेल तो आपोआप नेता होईल. तिसरी फुली: संपली असं कोण म्हणणार? कारखान्यात मी संप पाहिले, टाळेबंदी पाहिली, पण व्यवस्थापन आणि युनियन मिळूनही इतका काथ्याकूट कधी करत नव्हते. तीन तासांनी तोडगा निघाला. शांतता कुणी जाहीर करायची नाही. ती गाण्यांच्या यादीत एक गाणं म्हणूनच टाकायची. नववं गाणं: 'काकू', दोन मिनिटं.

कुरिअरवाला काळजीत पडला. "दोन मिनिटं? एवढं लांब आम्ही आयुष्यात काही वाजवलेलं नाही."

रविवारी बारा वाजता मी हॉलवर पोचलो. दारात एकीने माझ्या हातावर शिक्का मारला आणि कानात घालायला फोमचे बोळे दिले. स्टेज रिकामं होतं. कुणी कुणाच्या वर उभं राहायचं नाही म्हणून बँड खाली जमिनीवर होता. अग्निशामक नळकांड्याजवळ एक स्टीलची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं. "ती काकूंची," डॉक्टरबाई म्हणाल्या. निरीक्षक फाइल घेऊन आले. सरळ माणूस होता. कानात कापूस घालून तो माझ्या शेजारी उभा राहिला.

पहिलं गाणं सुरू झालं. मला वाटलं काहीतरी कोसळलं. दाताला हात लावताना 'दुखलं तर सांगा हं' म्हणणारी ती बाई लाल होईपर्यंत किंचाळत होती आणि सत्तरजण तिच्याभोवती गोल धावत एकमेकांना धडकत होते. एकजण पडला की चार हात त्याला लगेच उचलायचे. निरीक्षक लिहीत होते. मी डोकावून वाचलं. 'उपस्थित एकमेकांस आधार देताना आढळले.' मग एकाला सगळ्यांनी डोक्यावरून उचलून मागे नेलं. 'एका इसमास शोक सहन न झाल्याने खांद्यावर घ्यावे लागले.' शेवटी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'शोक अनावर. कलम ९ लागू.'

"मॅडम फार लोकप्रिय दिसतात," ते माझ्या कानाशी ओरडले.

"मलाही आजच कळतंय," मी ओरडलो.

"माझ्या सासऱ्यांच्या वेळी इतकं कोणी लोळलं नव्हतं हो!"

आठव्या गाण्याआधी डॉक्टरबाईंनी माइक हातात घेतला. हे गाणं काकूंचं, म्हणाल्या. गाण्यात शब्द तीनच होते, 'पुढच्या खिडकीवर जा'. सव्वीस वर्षं साहेबांच्या हुकमाने ती हे लोकांना हळू आवाजात सांगत होती. इथे माइक तिच्या तोंडापुढे धरला की ती स्टीलच्या खुर्चीवरून उठायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची. माझी बायको घरात मला दुसऱ्या खोलीतून हाकसुद्धा मारत नसे, उठून जवळ यायची. या वेळी माइक रिकाम्या खुर्चीपुढे धरला गेला आणि सत्तरजण तिच्या वतीने ओरडले. मीही ओरडलो असेन. कानात बोळे असल्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही.

मग कुरिअरवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. नववं गाणं सुरू झालं होतं.

मी घड्याळ बघितलं. दहा सेकंद. बावीस, म्हणजे साहेब मागे पडले. एका स्पीकरची घरघर चालू होती. दाढीने वाकून ती बंद केली. एकाच्या नाकातून रक्त येत होतं, तो मान वर करून तसाच उभा होता आणि शेजारची मुलगी त्याच्या हनुवटीखाली रुमाल धरून उभी होती. एक्केचाळीस. घरचेही मागे पडले. एक मिनिट झालं तेव्हा मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. दवाखाना झाला, कागद झाले, तीन सभा झाल्या, पण ती गेली हे मला तिथे त्या घामट हॉलमध्ये पहिल्यांदा लागलं.

तेवढ्यात फाइल माझ्या छातीला टेकली. निरीक्षकांचे ओठ हलत होते. एवढ्या शोकसभा पाहिल्यामुळे त्यांच्या लेखी दोन मिनिटं केव्हाच संपली होती. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. चौतीस वर्षं पुढ्यात कागद आला की मी एकच गोष्ट करत आलो.

"कुठे करू? इथे?" मी म्हणालो.

कानात बोळे असलेला माणूस किती मोठ्याने बोलतो ते त्याला स्वतःला कळत नाही. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. कुरिअरवाल्याला वाटलं, घरच्यांनीच संपवलं. त्याने काठ्या उचलल्या, चार ठोके दिले आणि दहावं गाणं सुरू झालं. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट एकतीस सेकंद.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, परत करू या का? आत्ताच करू." आजूबाजूच्या सगळ्यांनी बोटं हलवली. दाढीनेसुद्धा.

"एका मृत व्यक्तीमागे एकदाच," निरीक्षक म्हणाले. "रजिस्टरात रकानाच एक आहे. आणि हे बघा, 'दोन मिनिटे शांतता पूर्ण'. खाली यांची सही आहे."

सही माझीच होती. चांगली वळणदार आली होती.

स्पीकर उचलता उचलता दाढी म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या अर्जाला कोण?" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काका, तुमची तब्येत कशी असते हल्ली?"

घरी मी एकट्याने करून पाहिलं. नवव्या सेकंदाला गॅस बंद केला का अशी शंका येते. चौदाव्याला वाटतं, खाली कुणी बेल वाजवली. एकदा छत्तीसपर्यंत गेलो, पण शेवटची वीस सेकंदं मी नुसता काट्याकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. तुम्ही हसू नका. शोकसभांना तुम्हीही गेला असाल. मान खाली घालून एक डोळा किलकिला करून, शेजारच्याने मान वर केली का ते बघणारे तुम्हीच. बावीस सेकंदांना कुणीच हरकत घेतली नाही, कारण सगळ्यांना पुढे जायचं होतं. आणि तुमच्या वेळीही सभागृहात तीच माणसं असणार आहेत.

कागदावर तिची दोन मिनिटं पूर्ण झाली आहेत. एकोणतीस सेकंदं अजून राहिली आहेत.