सोमवार, दिनांक तेरा

कॉलेज निवडणं हे काम लोक उगाच अवघड करून ठेवतात. निकाल बघतात, वसतिगृहाचं पाणी विचारतात, कुणाच्या भाच्याला तिथून नोकरी लागली याची चौकशी करतात. माझी पद्धत साधी आहे. कॉलेजचं माहितीपुस्तक मागवायचं आणि शांतपणे वाचायचं. ज्या संस्थेला 'विद्यार्थ्यांना' हा शब्द धड लिहिता येत नाही, ती विद्यार्थ्यांना काय डोंबल शिकवणार?

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढतो. शाळेची पुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, पाणीपट्टीची बिलं, अठ्ठावीस वर्षं सगळं माझ्या लाल पेनाखालून गेलंय. बायको म्हणते, ऑफिसात चुका काढायचा तुम्हाला पगार मिळतो, घरी मात्र तुम्ही समाजसेवा करता.

तर आमच्या कन्येची शाळा संपली आणि तिला दगडांचा अभ्यास करायचा होता. भूशास्त्र म्हणतात त्याला. लहानपणापासून ही मुलगी फिरायला नेली की खिसे भरून दगड आणायची. तिने सात कॉलेजांची सात माहितीपुस्तकं माझ्यापुढे ठेवली आणि मी एकाच संध्याकाळी त्यातली चार निकालात काढली.

"बाबा, तुम्ही सगळ्यात चांगली चार काढलीत," ती म्हणाली.

"यांच्या मुखपृष्ठावर 'विद्यापिठ' आहे. पि ऱ्हस्व."

"तिथे खनिजांचं मोठं संग्रहालय आहे."

"असेल. त्यावर पाटी कशी लावली असेल याची कल्पना कर."

तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

राहिलेली तीन कॉलेजं दोन दिवसांत गाडीने बघून यायची असं ठरलं. गाडी बायको चालवते. मीही चालवायचो, पण रस्त्याकडेच्या दुकानाची पाटी वाचून होईपर्यंत पुढचा ट्रक थांबलेला असायचा. तिसऱ्या ट्रकनंतर तिने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. म्हणून मी नियोजन माझ्याकडे घेतलं. संपूर्ण प्रवासाचा तक्ता केला, तीनदा तपासला, प्रत्येकाला एक प्रत दिली.

निघाल्यावर अर्ध्या तासाने पेट्रोल पंपावर बायकोने तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला.

"अहो, पहिलं कॉलेज इथून दोनशे किलोमीटरवर आहे."

"हो."

"दुसरं आपल्या घरामागे. आणि तिसरं परत पहिल्याच्या शेजारी."

"हो."

"हा क्रम कुठल्या हिशेबाने लावलाय?"

"अकारविल्हे," मी म्हणालो.

पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण लावलं. गाडीत जी शांतता पसरली तिच्यात एक स्वल्पविरामसुद्धा नव्हता. मग बायकोने तक्त्याची घडी केली, त्याच घडीने काचेवरचा किडा पुसला आणि गाडी वळवून घरामागच्या कॉलेजकडे घेतली.

तिथे आम्ही आत गेलोच नाही. फाटकावर मोठ्ठा फलक होता, 'सुस्वागतम'. आता 'स्वागत' या शब्दात 'सु' आधीच असतो. त्याच्या डोक्यावर आणखी एक 'सु' बसवणं म्हणजे टोपीवर टोपी घालणं. शिवाय 'म'चा पाय मोडलेला नव्हता. मी म्हणालो, गाडी फिरव. बायको थकली होती, कन्या रुसली होती, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. माझं म्हणणं पटलं, असं मी धरून चाललो.

मग दोनशे किलोमीटरवरच्या त्या कॉलेजात गेलो. तिथे चाळीस पालकांना एका सभागृहात बसवून एक प्राध्यापक माहिती सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" मी हात वर केला. माहितीपुस्तकाच्या पान नऊवर 'उपलब्ध'मधला 'ध' 'द' कसा झाला, हे विचारलं. प्राध्यापकांना शंका कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "छापखान्याची चूक असेल."

छापखान्याची चूक! हे वाक्य माझ्यापुढे म्हणायचं? मी उभा राहिलो आणि चूक मूळ मजकुरात असते, छापखाना ती पकडतो किंवा पकडत नाही, यातला फरक समजावून सांगितला. समजावायला वीस मिनिटं लागली. बसलो तेव्हा चाळीस पालकांपैकी अकरा उरले होते आणि कन्या सभागृहात नव्हती. ती गाडीत मागच्या सीटवर आडवी पडली होती, तोंडावर माहितीपुस्तक ठेवून.

"उद्याचं शेवटचं आहे," ती पुस्तकाखालून म्हणाली. "मला तेच हवंय, बाबा. तिथल्या विभागप्रमुखांनी अडीच वाजता भेटायला बोलावलंय. तुम्ही काही बोलू नका. काहीच."

"अगं, त्यांचं पुस्तक निर्दोष आहे. मी कशाला बोलू?"

आणि खरंच सांगतो, माझा बोलायचा विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दीडलाच पोचलो. सोमवार होता. दगडी इमारत, लांब ओसरी, विभागाच्या दाराशी कपाटात ओळीने मांडलेले दगड. कन्येचा चेहरा असा उजळला की मला माझ्या तक्त्याचा झालेला अपमान विसरता आला. त्या दोघी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या. बायको म्हणाली, "तुम्ही जरा फिरून या. लांब."

जिन्याखाली सूचनाफलक होता. त्याला काचेचं दार होतं आणि दाराला कुलूप नव्हतं. हा माझा दोष नाही.

सूचना चार ओळींची होती. 'दुसर्‍या वर्षाची प्रात्यक्षीक परिक्षा सोमवार, दि. १३ रोजी दुपारी ३ वाजता होईल. सर्वांनी उपस्थीत रहावे.'

माहितीपुस्तक निर्दोष आणि भिंतीवर हे! म्हणजे पुस्तक बाहेरून कुणाकडून तरी करून घेतलेलं. माझी फसवणूक झाली होती. पेन खिशात होतं. मी 'प्रात्यक्षिक' केलं, 'परीक्षा' केली, 'उपस्थित राहावे' केलं. समासात खुणा घातल्या. आणि मग तारीख बघितली. सोमवारी बारा तारीख होती. तेरा म्हणजे मंगळवार. वार आणि तारीख यांचं जुळत नसेल तर एकतर हा चुकीचा किंवा ती. आमच्याकडे अशा वेळी मूळ मजकूर देणाऱ्याला विचारायचं, असा नियम आहे. पण मूळ मजकूर देणारा जेवायला गेला असणार. शिवाय आकडा टाइप करताना माणूस काळजी घेतो, वार सवयीने लिहितो, हा माझा अनुभव. मी 'सोमवार' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'मंगळवार' लिहिलं आणि शेजारी सही केली. सही केल्याशिवाय मी दुरुस्ती सोडत नाही.

दोन वाजता मुलं येऊ लागली. हातात वह्या, ओठांवर दगडांची नावं, डोळे लाल. एकाने फलक वाचला, पुन्हा वाचला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी अजून पेन हातात धरून उभा होतो.

"सर, मंगळवारी आहे?"

मला छापखान्यात कुणी सर म्हणत नाही.

"मंगळवारी," मी म्हणालो.

"नक्की ना, सर?"

"मी स्वतः तपासलंय."

पाच मिनिटांत जिना रिकामा झाला. मुलं इतक्या वेगाने पळताना मी कधी पाहिली नव्हती. विद्यार्थ्यांना शुद्ध मजकुराची किती भूक असते, असं मला वाटलं, आणि मी समाधानाने चहा प्यायला गेलो.

तीनला परत आलो तेव्हा ओसरीत गडबड होती. विभागप्रमुखांच्या खोलीचं दार सताड उघडं. आत ते स्वतः, त्यांच्यासमोर खुर्चीत माझी कन्या, तिच्या शेजारी बायको. दारात बाहेरगावाहून आलेले परीक्षक, हातात एक दगड, आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून कार्यालयातले लिपिक.

"एक्केचाळीस दगड मांडून बसलोय मी," परीक्षक म्हणत होते. "माणूस एक नाही. माझी साडेसहाची गाडी आहे."

"सूचना तुम्ही लावलीत ना?" विभागप्रमुखांनी लिपिकाला विचारलं.

"मी सोमवारच लिहिलं होतं, साहेब. तारखेत एक आकडा चुकला, ते कबूल. पण मंगळवार मी लिहिलं नाही. एक मुलगा फोनवर सांगतोय, कुणी मिशीवाले सर लाल पेन घेऊन उभे होते, त्यांनी सांगितलं."

"आपल्या विभागात मिशी कुणाला आहे?"

"कुणालाच नाही, साहेब."

"मग मिशी काय हवेतून आली? तुमची चूक झाकायला काहीही सांगाल? उद्या मला लेखी खुलासा हवा."

कन्येने हळूच मान वळवली. मी दारात होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं, खिशातल्या पेनाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग कपाटातल्या एखाद्या पांढऱ्या दगडासारखा झाला.

आता खरं सांगायचं तर मी मागच्या मागे सटकू शकलो असतो. पाय तसे वळलेही होते. पण त्या लिपिकाची खाली गेलेली मान मला ओळखीची होती. एकदा औषधाच्या लेबलावरचा दशांशचिन्हाचा ठिपका माझ्या नजरेतून सुटला होता, तेव्हा मी साहेबांपुढे असाच उभा होतो.

"ते मी केलं," मी म्हणालो.

सगळे वळले.

"आपण कोण?"

"मी... वाचक आहे."

"वाचक?"

"वार आणि तारीख जुळत नव्हती. मी वार दुरुस्त केला. तारीख करायला हवी होती." इथे थांबायला हवं होतं, हे मला आज कळतं. "पण 'परीक्षा'तली री दीर्घच हवी, त्यात बदल करू नका."

विभागप्रमुख उठून उभे राहिले. ते माझ्याकडे आले नाहीत. ते माझ्या कन्येकडे वळले आणि म्हणाले, "हे गृहस्थ तुमच्याबरोबर आलेत का?"

तिने परीक्षकांच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

अठ्ठावीस वर्षांत मी लाखो वाक्यं तपासली असतील. इतकं स्पष्ट वाक्य माझ्यासमोर आलं नव्हतं.

मी बायकोकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने किल्ली बाहेर काढली. "सर, माझी गाडी बाहेर आहे," ती विभागप्रमुखांना म्हणाली. "मुलं अजून लांब गेली नसतील. आम्ही दोघी घेऊन येतो."

मला पहारेकऱ्याने त्याच्या चौकीत नेऊन बसवलं. माझ्या शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही होती. मी नुसती मान तिरकी केली तर त्याने ती उचलून मांडीखाली घेतली.

"वहीला हात लावायचा नाही. साहेबांचा फोन आलाय."

पुढचा सव्वा तास मी माझीच गाडी फाटकातून आतबाहेर करताना पाहिली. बसथांब्यावरून, वसतिगृहातून, सिनेमाच्या रांगेतून त्या दोघींनी मुलं गोळा केली. एकेका खेपेला सात-आठ जण कोंबलेले. चौथ्या खेपेला डिकी उघडी होती आणि तिच्यात दोघं पाय बाहेर सोडून बसले होते. कन्या पुढच्या सीटवर अर्धवट वळून त्यांच्याशी बोलत होती. कोणता मास्तर झोप आणतो, कुठल्या दगडात हमखास नापास होतात, वसतिगृहात पंखे चालतात का, सगळं विचारत होती. कुठल्याही पुस्तकात छापून येणार नाही ते सगळं तिला चार खेपांत कळलं. ती हसत होती. दोन दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो, आणि तेही चौकीच्या जाळीतून.

परीक्षा सव्वाचारला सुरू झाली. परीक्षकांची गाडी चुकली, पण बायकोने त्यांना स्टँडवर नेऊन दुसरी बस पकडून दिली. मला त्या दोघींनी गाडीत घेतलं संध्याकाळी, कुणी पाहू नये म्हणून फाटकापासून दोन वळणं पुढे, रस्त्याकडेला चालत असताना. मी मागे बसलो.

मग कन्या म्हणाली, "सर म्हणाले, अर्ज नक्की भर. अशी मुलगी आम्हाला हवी."

"छान," मी म्हणालो.

"तुमच्याबद्दलही म्हणाले. ते नाही सांगत."

दोन महिन्यांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. सामान पोचवायला तीन माणसं लागणार होती, एरवी मला नेलंच नसतं. कन्येने दोन अटी घातल्या. पेन घरी ठेवायचं आणि मिशी काढायची. बावीस वर्षांची मिशी मी बेसिनसमोर उभा राहून उतरवली. आरशातला माणूस मला थोडासा 'परिक्षा' ऱ्हस्व लिहिणाऱ्यांतला वाटला.

बायको गाडी लावायला गेली आणि मी ट्रंक डोक्यावर घेऊन कन्येच्या मागे कार्यालयात शिरलो. टेबलामागे तेच लिपिक. तिला पाहून ते उठूनच उभे राहिले.

"ये, ये. तू आणि तुझी आई त्या दिवशी नसतात तर माझं काही खरं नव्हतं." मग त्यांची नजर ट्रंकेखालच्या माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली. "यांना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय. हे तुझे कोण?"

कन्येने तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, असं ती नंतर म्हणाली.

"शेजारी," मी घाईने म्हणालो. "सामान उचलायला आलोय."

"अच्छा." त्यांनी माझ्या डोक्यावरची ट्रंक स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग अर्जावरच्या वडिलांच्या रकान्याकडे बघत ते चुकचुकले. "बघा, मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार आणि बापाला यायला सवड नाही. शेजाऱ्याला ट्रंक वाहायला पाठवतो. काय माणसं असतात एकेक."

"मला तर तो पहिल्यापासूनच आवडत नाही," मी म्हणालो.