जनाना हृदयाची तालीम

माणसाच्या छातीत हृदय असतं हे शास्त्रानं सिद्ध केलेलं आहे. बाईच्या छातीत ते कसं आहे हे पाहायला मात्र आमच्या काळी एक नळी, एक पडदा आणि सासूची संमती लागत असे. या तिन्ही गोष्टी जिथं एकत्र मिळत, तो आमच्या भागातला तालिमी दवाखाना. पूर्णा स्टेशनापासून गाडीवाटेनं दोन कोसांवर होता. आता तिथं दगडसुद्धा नाही, पण निजामीत तिथून हृदयाचे डॉक्टर तयार होऊन बाहेर पडत.

तालीम चार वर्षांची, उर्दूतून, आणि अत्यंत कडक. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यानं नळीला हात लावायचा नाही, फक्त तिची पेटी पुसायची. दुसऱ्या वर्षी नळी गळ्यात घालून आवारात फिरायचं (यानं रोग्याला निम्मं बरं वाटतं, आणि शास्त्राचा हा भाग अजून कोणी खोडलेला नाही). तिसऱ्या वर्षी पुरुषांची हृदयं ऐकायची. चौथ्या वर्षी पडदा.

पुरुषांच्या हृदयाचे तीन विभाग होते व प्रत्येकाचा तज्ज्ञ वेगळा. देशमुखी हृदय कोर्टाच्या तारखेआधी धडधडे आणि निकाल आपल्या बाजूनं लागला की औषधावाचून बरं होई. दफ्तरी हृदय साहेबांचा दौरा जाहीर झाला की बसे. रेल्वेचं हृदय सर्वांत घाईचं, कारण त्याचा मालक दोन गाड्यांच्या मधल्या वेळात येई आणि निदान ऐकायच्या आत परत जाई. पण खरा मान चौथ्या विभागाला, म्हणजे जनाना हृदयाला. जे कधी दिसत नाही त्यातला जाणकार सगळ्यांत मोठा, हे देवळापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे खरं आहे.

जनाना तपासणीची रीत अशी. खोलीच्या मधोमध मादरपाटाचा जाड पडदा, त्याला रुपयाएवढं भोक. अलीकडे बडे डॉक्टरसाहेब आणि अकरा विद्यार्थी. पलीकडे गोषातली सून आणि तिची सासू. भोकातून नळीचं तोंड पलीकडे जाई आणि सासू ते सुनेच्या छातीवर ठेवी, असं रजिस्टरात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात सासवांचं म्हणणं असं होतं, की आपल्या सुनेच्या काळजाचा आवाज परक्या पुरुषानं ऐकला तर गोषा राहिलाच कुठं? म्हणून त्या नळी बायनाबाईच्या छातीवर ठेवत.

बायनाबाई दवाखान्यात पाणी भरायची. आडाचं पाणी शेंदायचं, बावीस पायऱ्या चढायच्या आणि जनाना खोलीतल्या रांजणात घागर रिकामी करायची. त्यामुळे पडद्याआड ती नेहमी हजर. राबणाऱ्या बाईला गोषा नसतो, तिचा आवाज कोणीही ऐकावा. सासू चिमूटभर तंबाखू देई, बायनाबाई टेकून बसे, पलीकडून "उम्दा" असा आवाज येई आणि सुनेच्या नावाचा कागद मिळे.

सहा वर्षांत सहाशे चौदा बायका तपासल्या गेल्या. सहाशे चौदाही निरोगी निघाल्या, ठोके प्रत्येकीचे बहात्तर. बड्या साहेबांनी यावर हैदराबादेत निबंध वाचला आणि श्रेय ज्वारीच्या भाकरीला व पूर्णेच्या पाण्याला दिलं. (पाण्याचा संबंध होता, पण साहेबांना वाटला तसा नव्हता.)

फसली तेराशे पन्नास साली, म्हणजे इंग्रजी चाळीस-एक्केचाळीसात, कावेरीला तिथं नेलं. कावेरी माझी धाकटी जाऊ, सतरा वर्षांची. एक घागर घेऊन ओट्यावर चढली की मटकन खाली बसायची आणि ओठ जांभळे व्हायचे. दळताना जात्यावरच डोकं टेकायची. देवगावहून तिचे वडील किशनराव आले, पोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "दवाखान्यात दाखवा. आराम कर म्हनले तर मी घेऊन जातो." आमचे सासरे आबासाहेब म्हणाले, "दाखवू की. पर कागदाबिगर सून म्हायेरी धाडायची आमच्यात रीत न्हाई." तेव्हा कावेरीला काय हवं होतं हे स्पष्ट होतं. दोन ओळींचा एक कागद.

आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाई धुरपताबाईंनी, रीतीप्रमाणे नळी बायनाबाईला लावली. कागद आला, "तबियत उम्दा". आत्याबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला. कावेरी जरा बसली की त्या तिकडं बोट दाखवायच्या. "दवाखान्याचा कागद हाय. ऊठ." वाचता त्यांना येत नव्हतं, पण कागद वाचण्यासाठी असतो असं त्यांनी कधी मानलंही नाही.

दिवाळीनंतर किशनराव पुन्हा आले आणि आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बैलानं दावं तोडलं म्हणून आत्याबाई बाहेर गेल्या आणि तेवढ्यात मी नळी उचलून सरळ कावेरीच्या छातीवर ठेवली. दवाखान्याच्या इतिहासात गोषातल्या बाईचं हृदय ऐकलं गेल्याचा हा पहिला प्रसंग. साहेबांनी ऐकलं, मग अकरा जणांनी एकेक करून ऐकलं. मग व्यंकटराव नावाचा सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणाला, "साब, नली बिगड गई."

सगळ्यांचं एकमत झालं. नळी दुरुस्तीला हैदराबादेला गेली. दोन महिन्यांनी परत आली, सोबत शेरा, "नली में कोई ऐब नहीं". त्या दोन महिन्यांत जनाना तपासणी पूर्ण बंद होती आणि जिल्ह्यातल्या बायकांच्या प्रकृतीवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

तपासणी अर्धवट राहिली म्हणून तिसरी तारीख मिळाली. ती नेमकी चौथ्या वर्षाच्या परीक्षेची होती. आत्याबाई गाडीतून उतरेपर्यंत मी आडावर गेले आणि बायनाबाईला सगळं सांगितलं.

"म्हंजी सहा वरसं समद्या सुनायचं काळीज म्हनून माझंच ऐकायलेत?" ती म्हणाली.

"हो."

"तरीच म्हनलं, येवढ्या बायका अन् एकबी आजारी कशी न्हाई." तिनं तंबाखू थुंकली. "मंग बिघडवून दाखवू का?"

"बिघडेल का पण?"

"बाई, बावीस पायऱ्या हायत. रोज दमानं चढते म्हनून चांगलं हाय ते. आज पळत चढते."

ती आठ खेपा पळत चढली. प्रत्येक खेपेला दोन घागरी. नवव्यांदा आली ती रांजणाला टेकून बसली, आणि आत्याबाईंनी तंबाखू देऊन स्वतःच्या हातानं नळी तिच्या छातीवर ठेवली.

साहेबांनी कानातली नळी काढून पाहिली, पुन्हा घातली. अकरा विद्यार्थ्यांनी ऐकलं. जे हृदय ते महिनोन् महिने ऐकत आले होते, ते असं उधळलेलं पाहून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान अकराही जणांचं सारखंच आलं, सगळे पास झाले. कावेरीला कागद मिळाला. सहा महिने आराम, दळण बंद, पाणी बंद, ताबडतोब माहेरी पाठवावं.

गाडीत आत्याबाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "हा कागद खोटा हाय."

"का वो आत्याबाई?" मी विचारलं. "नळी तर तुमीच लावली की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कावेरीकडं, मग बैलांकडं. खोटा का, हे सांगायचं तर देव्हाऱ्यातला कागद खरा कसा, हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही घरी आबासाहेबांसमोर. दुसऱ्या दिवशी किशनराव पोरीला घेऊन गेले. सहा महिन्यांचे पुढं दीड वर्ष झालं. कावेरी बासष्ट वर्षांची होऊन गेली, तीही हृदयानं नाही. कागदात एवढी ताकद असते.

हैदराबादेहून मात्र विचारणा झाली, की सहाशे पंधरापैकी एक हृदय कसं बिघडलं. उत्तर गेलं, "त्या दिवशी हवा दमट होती." ते मंजूर झालं.

पुढच्या माघात बायनाबाईच्या छातीत कळ येऊ लागली. ती पुढच्या दारानं, पडद्यावाचून, साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेबांनी नळी लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना हाक मारली. "इधर आओ. सुनो. असली तंदुरुस्त दिल इसको कहते." मध्येच एखादा ठोका चुकत होता, हे एकानं भीत भीत दाखवून दिलं. साहेबांनी वहीत नोंद करून घेतली, की निरोगी हृदयात एखादा ठोका चुकलेला चालतो. ज्या मापानं सगळं मोजायचं ते मापच कमी भरलं असं कोणतंही शास्त्र म्हणत नाही.

"लय दुखायलंय, साहेब," बायनाबाई म्हणाली.

"उम्दा है," साहेब म्हणाले.

तिच्या तीन खेपा राहिल्या होत्या. दुसऱ्या खेपेला ती चौदाव्या पायरीवर बसली आणि उठली नाही. हृदयविकाराच्या रजिस्टरात तिची नोंद नाही, कारण तिची तपासणी त्याच सकाळी झालेली होती. त्या आठ खेपा ती माझ्यामुळे पळत चढली होती, त्याचीही नोंद कुठं नाही, म्हणून इथं करून ठेवते.

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली, पडदा गेला, दवाखानाही गेला. आता बाईचं हृदय थेट ऐकतात, कागदावर त्याची वेडीवाकडी रेघ काढतात, ही फार चांगली गोष्ट आहे. तुम्हीही शिकलेली माणसं. तुमच्या घरात एक बाई असेल, जिच्याबद्दल कोणी विचारलं तर तुम्ही लगेच सांगता, "तिला काय होतंय, ती ठणठणीत आहे." हे तुम्ही कोणाच्या छातीला नळी लावून ठरवलंत, एवढं एकदा तिलाच विचारा. शोधायला लागणार नाही. उभी असेल.