खंदकातली गोल चक्कर

आजीला जाऊन वर्ष झालं, म्हणून रविवारी दुपारी एमरिस आजोबा, त्यांची मुलगी नेरिस आणि नात लोवरी आजीच्या लाडक्या किल्ल्यावर आले. किल्ला म्हणजे काय, तर टेकडीच्या डोक्यावर मातीचा गोल बांध आणि त्याभोवती गोल खंदक. बाकी मेंढ्या. धुकं इतकं, की त्या मेंढ्याही नुसत्या ऐकू येत होत्या.

पोचताक्षणी बेल हरवली. बेल म्हणजे आजीची कुत्री. चौदा वर्षांची, ठार बहिरी. आजी गेल्यापासून आजोबा बोलायचे ते फक्त तिच्याशी.

"गेली! हीसुद्धा गेली," म्हणत आजोबा खंदकात उतरले आणि हाका मारत सुटले.

"बाबा, अहो, ती बहिरी आहे! हाका कुणाला मारताय?"

"माझ्या समाधानासाठी मारतोय!" धुक्यातून उत्तर आलं.

मग तेही येईना. नेरिसचा चेहरा उतरला. "लोवरी, इथून हलायचं नाही हं," असं बजावून ती वडिलांच्या मागे गेली. लोवरी तब्बल दहा मिनिटं हलली नाही. मग आईसुद्धा हरवली असं ठरवून तीही त्याच वाटेनं निघाली.

आता खंदक गोल, आणि तिघंही एकाच दिशेनं! भेटणार कसे?

"बाबा, थांबा तिथेच, मी येते!"

"तूच थांब, मी येतो!"

दोघंही शहाण्यासारखे थांबले. कुणीच येईना, तेव्हा दोघंही एकदमच निघाले. लोवरीला तेच लोकर अडकलेलं काटेरी झुडूप तिसऱ्यांदा भेटलं, तेव्हा तिला रडूच फुटलं.

शेवटी आजोबांनी हाय खाल्ली. एका सपाट दगडावर ते मटकन बसले आणि थर्मास उघडून एकटेच गार चहा पिऊ लागले.

थोड्या वेळानं धुक्यातून नेरिस आली. मग नाक पुसत लोवरी. आणि तिच्या मागोमाग, अगदी कंटाळलेल्या चेहऱ्यानं, बेल.

"अगं, ही तुझ्याच मागे होती?"

"मी मागे कशाला बघू? मी पुढे शोधत होते ना!"

आजोबांनी बेलला कोटात घेतलं.

"बाबा, बसून राहायचं सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं कुठलं! गुडघे संपले." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "तुझी आई दर वेळी इथेच बसायची. म्हणायची, या तुम्ही फिरून. आणि चाळीस वर्षं मी समजत होतो, बाई आळशी आहे."