दोन दरवाजांमधील पायवाटेची हकिकत

॥ श्री ॥ सूर्यनारायण साक्षी, ऐकिले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, एका राज्यात दोन खाने होते: मन बिघडलेल्यांचा उन्मादखाना आणि अफू सोडविणारा अमलखाना. महाराजांनी राजवैद्य चिमणशास्त्री यांस आज्ञा केली की, दोन्ही व्याधी ज्यांस एकत्र, त्यांचे औषध वर्षात शोधावे; न साधल्यास ते लोक सरहद्दीपार घालवू. शास्त्रीबुवांचा बाळमित्र येसाजी नगारची त्यांतलाच. कानी नसते आवाज येत आणि ते दाबावयास अफू खाई. शास्त्रीबुवांचा जीव टांगणीस लागला. मग उन्मादखान्यात रोगी मागावयास गेले, तो कारभारी वदले, "अफूवाला आम्ही घेत नाही, आधी अफू सोडून यावे." मग अमलखान्यात गेले, तेथे जबाब, "आधी डोके ताळ्यावर आणून यावे." वाहवा रे शहाणपण! दोहींकडे वह्या भरलेल्या, आणि ऐसा रोगी एकही नाही. शास्त्रीबुवा खिन्न होऊन फिरले, तो दोन दरवाजांमधील गवतात तुडवून टणक जाहलेली पायवाट दिसली. मग तेथेच चिंचेखाली घोंगडे टाकोन बसले, आणि दो दिवसांत तेवीस माणसे गाठली. तेविसावा येसाजी.

औषध सुरू जाहले. परंतु दरबारी नियम ऐसा की, तीन दिवस जो न येई त्याचे नाव खोडावे. सतरा खोडले, येसाजीही खोडला. सहा उरले ते बरे जाहले, आणि दिवाणजी हर्षून म्हणाले, "सहापैकी सहा! सोळा आणे यश! नगारा वाजवोन दवंडी द्या." शास्त्रीबुवा पेचात पडले. खरे सांगावे तर औषध न साधले म्हणोन येसाजी सरहद्दीपार, खोटे सांगावे तर खोडलेला तो जन्मभर औषधावाचून. मग हात जोडोन बोलले, "महाराज, नगारा कोण वाजविणार? नगारची खोडलेल्यांत आहे. न येणे हाच तर त्यांचा रोग! मी त्यांच्या दारी जातो, आणखी एक वर्ष द्यावे." महाराज म्हणाले, "दिले."

मग शास्त्रीबुवा येसाजीच्या खोपटात गेले. तो भिंतीकडे तोंड करोन म्हणाला, "बुवा, माझं नाव खोडलंत ना?"

"खोडलं होतं, गाढवा. पुन्हा लिहिलं. ऊठ, जीभ दाखव."

इतकी हकिकत. वर्षाअखेर तेविसांत नऊ बरे जाहले, आणि सरहद्दीपार कोणी गेले नाही. येसाजी त्या नवांत नाही. नाव मात्र वहीत आहे.